केव्हाही
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "तू राजपुरीच्या बाजूची, जंजिऱ्यावर लिही." पण जंजिऱ्यावर आपल्या मुरुडच्या मुलांनी इतके लिहिले आहे, की कलालबांगडी तोफेलाही आता त्याचा कंटाळा आला असेल. म्हणून मी लिहिते आहे ते एका जुन्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनविषयी आणि एका शब्दाविषयी. शब्द अगदी साधा आहे, 'केव्हाही'. गेल्या उन्हाळ्यात ह्या एका शब्दापायी माझ्या हातून एका भल्या माणसाचा चारचौघांत अपमान झाला. त्याची ही हकिगत.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतात. आई बाजारात मासळी विकते. बाबांना सही करता येते, आईला हिशेब तोंडी येतो. त्यामुळे वीजबिलापासून रेशनकार्डापर्यंत घरात जो कागद येतो तो माझ्यासमोर येतो, आणि मी तो वाचून दाखवला की घर निश्चिंत होते. एवढा मान एकोणिसाव्या वर्षी मिळणे बरे नव्हे, हे मला नंतर कळले.

कॅमेऱ्याचे वेड मला लागले ते ३ जून २०२० पासून. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घराचे पत्रे उडाले आणि भिंतीवरचा आजोबांचा फोटो रात्रभर पावसात भिजला. काचेच्या आत पाणी शिरून आजोबांचा चेहरा एक तपकिरी डाग होऊन बसला. त्यांचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. पत्रे पुन्हा आले, फोटो काही आला नाही. तेव्हापासून मला वाटे, की आपल्या माणसांचे फोटो आपणच काढून ठेवावेत, आणि जमलेच तर त्यावर दोन पैसेही मिळवावेत. किनाऱ्यावर येणारे पर्यटक आता आपापल्या मोबाइलवर फोटो काढतात, त्यांना आमची गरज नाही. पण कोळीवाड्यातल्या हळदी, साखरपुडे, बारशी ह्यांना अजूनही कॅमेरा लागतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अलिबागच्या एका दुकानातून मी जुना डिजिटल कॅमेरा घेतला. किंमत अठरा हजार रुपये. पंधरा हजार आईने बचत गटातून कर्जाऊ काढले, तीन हजार तिच्या पदरचे. हप्ता महिना अकराशेचा. दुकानदार साठीच्या घरातले. रोलच्या काळापासून स्टुडिओ चालवत आलेले. त्यांनी सगळे नीट दाखवले, पण माझे लक्ष कुठे होते! मला कॅमेरा केव्हा एकदा गळ्यात अडकवते असे झाले होते.

मे महिन्याच्या शेवटी माझ्या आतेबहिणीची हळद होती. माझे पहिले काम. पैसे घरचे म्हणून निम्मे, पण काम मात्र पुरे. मांडवात ढोल-ताशे, माणसांची ही गर्दी, हळद उधळणे चाललेले. कॅमेऱ्याला हळद लागू नये म्हणून मी तो छातीशी धरला होता, मागची स्क्रीन थोडी वर उचलली होती आणि मान खाली घालून तिच्यात पाहत होते. आणि स्क्रीन काळी झाली. बटण बंद करून चालू केले. आली. पुन्हा छातीशी धरला, पुन्हा काळी. बॅटरी काढून घातली. कार्ड काढून घातले. कधी येई, कधी जाई. रात्री अकराच्या सुमारास ती जी गेली ती आलीच नाही.

नेमकी त्याच वेळी धवलारीण नवरीजवळ येऊन बसली. आमच्याकडे लग्नात धवले गाणारी ही म्हातारी पंचक्रोशीत आता एकटीच उरली आहे. डोळे मिटून, एक हात नवरीच्या डोक्यावर ठेवून ती गात होती. तो फोटो मी मनात किती दिवस आधी काढून ठेवला होता! आणि मी मांडवाच्या खांबाआड उभी राहून कॅमेऱ्याची बटणे दाबत होते. एक मामा हसून म्हणाले, "कॉलेजात कॅमेरा बंद करायला शिकवतात काय गो?" सगळे हसले. आईही त्यांच्यात होती, पण ती हसली नाही. मला तेच जास्त लागले.

दुसऱ्याच दिवशी सकाळची एस. टी. पकडून मी अलिबागला गेले. काशीद मागे पडले, साळावचा पूल ओलांडला, रेवदंडा आले, चौल गेले, आणि प्रत्येक गावागणिक माझा राग वाढत होता. दुकानात चार-पाच गिऱ्हाइके होती. कॅमेरा काउंटरवर ठेवून मी म्हणाले, "स्क्रीन बंद पडते."

त्यांनी शांतपणे विचारले, "केव्हा बंद पडते?"

मी म्हणाले, "केव्हाही!"

त्यांनी एक मऊ फडके घेतले, वर्षानुवर्षांच्या सवयीने कॅमेरा मागून-पुढून पुसला, फडक्याकडे पाहून "हळदीला गेला होतात वाटतं," असे म्हणाले आणि बटण दाबले. स्क्रीन लख्ख! त्यांनी काउंटरवर कॅमेरा ठेवून दहा मिनिटे तपासला. एकदाही बंद पडला नाही.

"ह्यात मला तर दोष दिसत नाही," ते म्हणाले.

तेव्हा मी जे बोलले ते इथे सगळे लिहिण्यासारखे नाही. "गरिबाच्या पोरीला मोडका माल देऊन फसवलंत," हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य. एक गिऱ्हाईक निमूटपणे उठून बाहेर गेले. दुकानदारांचा चेहरा उतरला. ते एवढेच म्हणाले, "आठ दिवस वापरून बघ. तरी बंद पडला तर सगळे पैसे परत घेऊन जा."

मी विजयी मुद्रेने परत निघाले. रेवदंड्याच्या थांब्यावर, मांडीवर धरलेला कॅमेरा पुन्हा काळा झाला. 'बघा!' असे मी मनातल्या मनात ओरडले.

मित्रहो, ह्या जागी गोष्ट संपली असती. आठ दिवसांनी मी पैसे परत आणले असते, आणि तो माणूस लबाड आहे हे जन्मभर सांगत राहिले असते. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात बंदर बंद झाले. पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोटी वर ओढल्या गेल्या, आणि बाबा घरी सापडले. मी सगळे सांगितले. त्यांनी बिडी विझवून तोच प्रश्न विचारला.

"कवा बंद पडतो?"

"केव्हाही, बाबा."

"केव्हाय म्हंजे कवा?" ते म्हणाले. "केव्हाय आसं काय नसतं. इंजिन केव्हाय बंद पडत नाय. ता कवा पडतं ता आपल्याला ठावं नसतं, एवडंच."

मग त्यांनी मला त्यांच्या बोटीचीच एक गोष्ट सांगितली. एका वर्षी इंजिन मध्येच बंद पडे. तांडेल म्हणे इंजिन बदला. बाबांनी दोन आठवडे फक्त लक्ष ठेवले. खाडीत इंजिन कधीच बंद पडले नाही, बाहेर मोठ्या लाटेवर बोट कलली की पडे. म्हणजे दोष इंजिनात नव्हताच. डिझेलच्या टाकीच्या तळाला साठलेला गाळ बोट कलली की हलून पाइपच्या तोंडाशी येई. टाकी धुतली, काम झाले. इंजिनाची किंमत वाचली.

"कवा बंद पडला ता लिवून ठेव," ते म्हणाले. "नि कवा नाय पडला ता पन लिव. दुसरं जास्त कामाचं हाय."

मी वही घेतली आणि दोन रकाने आखले. खरे सांगायचे तर हे मी बाबांचे मन राखण्यासाठी केले. पण तिसऱ्या दिवशी वहीकडे पाहिले आणि माझीच मला लाज वाटू लागली. बॅटरी भरलेली असताना बंद पडला होता, आणि अर्धी असताना चालला होता. म्हणजे बॅटरीचा संबंध नाही. कार्ड काढूनही बंद पडला, म्हणजे कार्डाचाही नाही. उन्हात बंद पडला, घरातही पडला, म्हणजे उष्णतेचा नाही. पण 'बंद पडला नाही' ह्या रकान्यात एक शब्द वारंवार येत होता, 'टेबलावर'. कॅमेरा टेबलावर असताना एकदाही बंद पडला नव्हता. हात लांब करून धरला तेव्हाही नाही. आणि बंद पडलेल्या सगळ्या वेळा छातीशी, मांडीवर किंवा ओढणीआड धरलेल्या.

त्याच संध्याकाळी मी कॅमेरा पोटाशी धरून स्क्रीन घालवली. धाकटा भाऊ शेजारून कॅमेऱ्यात डोकावत होता. तो एकदम ओरडला, "ताय, आत टीव्ही चाललाय!"

स्क्रीनच्या वर डोळा लावून पाहायची जी लहानशी खिडकी असते, तिच्यात उजेड दिसत होता. मी डोळा लावला. आमचे अंगण, वाळत घातलेली जाळी, तुळस, सगळे चित्र आत होते. चित्र गेलेले नव्हतेच. ते मागच्या स्क्रीनवरून उठून ह्या खिडकीत जाऊन बसले होते.

त्या खिडकीला लागून एक काळसर, नखाएवढीही नसलेली काच आहे. तिच्यापुढे बोट नेले, स्क्रीन काळी. बोट काढले, स्क्रीन उजळ. दहा वेळा केले, दहाही वेळा तेच. मग भावाने दहा वेळा केले. मग आईने विळी बाजूला ठेवून, हात पुसून दोनदा केले. घरात असा आनंद झाला, की जणू जाळ्यात घोळ माशांचा थवा लागला!

माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. शब्दकोश घेऊन दोन दिवस बसले, आणि कारण कळले. त्या बारीक काचेमागे एक संवेदक असतो. तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर सोडतो. समोर जवळच काही असले की ते किरण त्यावर आपटून परत येतात, आणि कॅमेरा समजतो, मालकाने डोळा लावला. मग तो मागची स्क्रीन बंद करतो आणि चित्र खिडकीत पाठवतो. आपण मोबाइल कानाला लावला की त्याची स्क्रीन काळी होते, ती ह्याच युक्तीने. कॅमेऱ्याला डोळा आणि ओढणी ह्यांतला फरक कळत नाही. मी छातीशी धरला की त्याला वाटे, बाई खिडकीतून पाहते आहे!

राहता राहिला एक प्रश्न. त्या रात्री अकरानंतर स्क्रीन कायमचीच का गेली, आणि दुकानात गेल्याबरोबर कशी आली? मी तेलात हळद कालवून तिचा एक टिपका बोटाने त्या काचेवर लावला. स्क्रीन गेली, आणि कॅमेरा टेबलावर ठेवला तरी परत आली नाही. फडक्याने पुसले. आली. त्या भल्या माणसाने माझ्यासमोर फडके फिरवले तेव्हाच कॅमेरा दुरुस्त झाला होता. फडक्यावरची पिवळी हळद त्यांनी मला बोलूनही दाखवली होती. दोघांच्याही डोळ्यांसमोर कारण होते, आणि मी त्या वेळी भांडणात दंग होते.

ह्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुस्तिकेच्या पुढच्या पानावर होती. स्क्रीन काळी असली तरी कॅमेरा चालूच असतो. म्हणजे त्या रात्री धवलारणीकडे कॅमेरा रोखून मी नुसते बटण दाबले असते, तरी फोटो निघाला असता.

कॅमेऱ्याच्या यादीत शिरून 'आपोआप' ऐवजी 'फक्त स्क्रीन' असे ठरवून टाकले, आणि तो त्रास कायमचा मिटला. खर्च शून्य रुपये.

कॉलेज सुरू झाल्यावर हे मी आमच्या सरांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांनी तुला अन्वय-व्यतिरेक शिकवला." मग ग्रंथालयात बसून वाचले. आपल्या न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी ह्यांचे उदाहरण देतात. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे सरोवर. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथातही कारण शोधण्याच्या अशाच पद्धती मांडल्या आहेत. बाबांनी ह्यातले काहीच वाचलेले नाही. पण ते स्वयंपाकघरावर थांबत नाहीत, सरोवरही पाहून येतात. मी मात्र नुसत्या धुराकडे बोट दाखवून ओरडत अलिबागपर्यंत गेले होते.

ग्रंथालयातच आणखी एक गंमत कळली. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनिअरने बनवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत, आणि चित्र पाहायचे तर टीव्ही जोडावा लागे. कॅमेऱ्याला स्वतःची स्क्रीन नव्हतीच. म्हणजे सॅसनसाहेबांना माझी तक्रार कधी करावी लागली नाही! पाठीवर स्क्रीन असलेला, सामान्यांच्या हातात आलेला कॅमेरा दिसू लागला तो १९९५ नंतर.

तेव्हापासून ती वही कॅमेऱ्याच्या पिशवीतच असते. दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर एका पाहुण्यांचे फोटो काढले. उभा धरून काढलेला फोटो त्यांना दाखवायला कॅमेरा तसाच पुढे केला, तर ते म्हणाले, "ह्यात काहीच दिसत नाही. काळं आहे." मला तर स्वच्छ दिसत होते. जुनी मी असते तर म्हटले असते, "तुमच्याच डोळ्यांत काही असेल." आता मी कॅमेरा आडवा केला. त्यांना दिसले. उभा केला, पुन्हा काळे. मग त्यांना गॉगल काढायला सांगितला, आणि दोन्ही तऱ्हांनी दिसले. स्क्रीनमधून येणाऱ्या प्रकाशाची लहर एकाच दिशेने धरलेली असते. काही गॉगलच्या काचाही एकाच दिशेचा प्रकाश आत सोडतात. दोन्हींच्या दिशा जुळल्या तर दिसते, आडव्या आल्या तर अंधार. म्हणजे माझी बोलण्याची पद्धत वेगळी असती, तरी शब्द खरेच ठरले असते. दोष डोळ्यांवरच होता, पण तो काढून ठेवता येण्यासारखा.

पुढे एका साखरपुड्याला हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली स्क्रीनवर काळे आडवे पट्टे सरकू लागले. पुन्हा वही. बाहेर अंगणात पट्टे नाहीत, आत आहेत. म्हणजे दिव्यांची भानगड. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर एकशतांश सेकंदावर आणले, पट्टे गेले. त्या दिवशी कुणी हसले नाही, आणि ठरलेले पैसे पुरे मिळाले.

आता शेवटचे. जूनमध्येच, आठ दिवसांची मुदत संपायच्या आत, मी पुन्हा अलिबागला गेले. ह्या वेळी एस. टी. मला फारच वेगाने चालल्यासारखी वाटली. दुकानात कोणी नव्हते. पावसाची सर पडत होती. मला पाहून त्यांनी काही न बोलता गल्ल्याचा खण उघडला. ते पैसे मोजू लागले आहेत हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"काका, पैसे नकोत," मी म्हणाले, आणि वही काउंटरवर ठेवून सगळे सांगितले.

त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. नंतर म्हणाले, "चूक माझीही आहे. डोळ्याजवळच्या काचेचं मला ठाऊक होतं. तू 'केव्हाही' म्हणालीस, तिथे मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण मग तू पुढचं बोललीस, आणि मला विचारावंसंच वाटलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "रोलच्या काळात एकाने लग्नाचा सबंध रोल कोरा निघाला म्हणून माझी कॉलर धरली होती. रोल त्याने चक्रीत अडकवलाच नव्हता. त्याला मी ते शांतपणे दाखवलं होतं. आता वय झालं."

त्यांनी चहा मागवला. मी क्षमा मागितली. "जाऊ दे," ते म्हणाले. पण परतीच्या वाटेवर चौलपर्यंत मला एकच गोष्ट टोचत राहिली. अपमान मी चार-पाच माणसांदेखत केला होता, आणि क्षमा मात्र रिकाम्या दुकानात मागितली होती. उठून गेलेले ते गिऱ्हाईक आजही तो माणूस लबाड आहे असेच समजत असेल. त्याला मी कुठे शोधू?

म्हणून हा लेख. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. पण आपल्या कॉलेजातल्या कित्येकांचे अलिबागला जाणे-येणे असते. त्या दिवशी तुमच्यापैकी कोणाच्या घरचे कोणी त्या दुकानात असेल, आणि एका मुरुडच्या मुलीचा तमाशा त्यांनी घरी येऊन सांगितला असेल, तर त्यांना एवढे सांगा. कॅमेरा चांगला होता, माणूसही चांगला होता.

अंक छापून आला की एक प्रत मी त्यांना नेऊन देणार आहे. दुसरी प्रत बाबांना वाचून दाखवीन. कर्जाचे तीन हप्ते राहिले आहेत. ते फिटले की पहिला फोटो धवलारणीचा. म्हातारीला तसे सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, "केव्हाय ये गो."

मी तारीख आणि वेळ ठरवूनच परत आले.